नव्या घराचं ऑडिट

बाथरूमच्या जाळीत प्लास्टिकची पिशवी कोंबून, वर ओल्या फडक्याचा बोळा दाबून, घर तपासायला आलेल्या इंजिनिअर सरांनी नळ सोडला. दोन इंच पाणी साठल्यावर टाइलवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख-वेळ लिहिली. मग बॅगेतून एक काचेचा ग्लास काढला, पाण्याने भरला, त्यावरही मार्करने रेघ मारली आणि तो तिथेच कोपऱ्यात ठेवला.

"हा कशाला, सर?" माझ्या धाकट्या भावाने विचारलं.

"पाणी हवेतही उडतं. उद्या रेघेखाली गेलेलं दिसलं की साइटवरचा माणूस म्हणेल, वाळलं असेल. ग्लासातलं किती वाळलं ते दाखवू त्याला."

या माणसाबद्दल माझी खात्री पटली ती इथे. मी पेशाने ऑडिटर. सव्वीस वर्षं लोकांचे हिशेब तपासतेय, त्यामुळे 'गहाळ झालं', 'पुढच्या महिन्यात जमा होईल', 'वाळलं असेल' ही सगळी उत्तरं मला तोंडपाठ आहेत. उत्तर यायच्या आधीच त्याचा बंदोबस्त करून ठेवणारा कुणी भेटला की मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

आणि याच मी अकरा वर्षांपूर्वी स्वतःचं नवंकोरं घर ताब्यात घेताना काय केलं होतं? वीस मिनिटं घरभर हिंडले. नळ सोडून पाहिले, दिवे लावून पाहिले, आणि सगळ्यात जास्त वेळ खिडकीतून बाहेर पाहिलं. ताबा पावतीवर 'काम पाहिले, समाधानकारक आहे' अशी छापील ओळ होती. तिच्याखाली सही ठोकली. ऑफिसात स्टेशनरीच्या व्हाउचरवर दुसरी सही नसली तर ते परत पाठवणारी मी!

त्याची फळं बेडरूमच्या कपाटामागे लागली. आधी कुबट वास, मग पोपडे, मग भिंतीला लोणा. भिंत तीनदा रंगवली. चौथ्या वेळी रंगाऱ्यानेच हात जोडले, "ताई, माझे पैसे होतात हो, पण पलीकडून पाणी येतंय, रंग काय करणार?" पलीकडे बाथरूम. टाइल्स फोडल्यावर कळलं की वॉटरप्रूफिंग जमिनीपासून चार बोटांवरच संपलं होतं. शॉवरखाली ते भिंतीवर चांगलं उंच न्यावं लागतं, कारण रोज पाणी भिंतीवरच आपटतं. बिल्डरची हमी दोन वर्षांची होती आणि ती संपून चार महिने झाले होते. बिल्डरकडून लेखी उत्तर आलं, 'सदर ओल वापरामुळे आहे.' बाथरूम वापरल्यामुळे! खरं तर उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं.

म्हणून भावाने नवं घर बुक केलं तेव्हा मी एकच हट्ट धरला. चावी घेण्याआधी आपण आपल्या पैशाने, आपला माणूस आणून घर तपासून घ्यायचं. भाऊ वैतागला. "ताई, सेकंडहँड गाडीला मेकॅनिक नेतात. शोरूममधून नवी गाडी घेताना नेतो का कुणी?"

प्रश्न रास्त होता. मला उत्तर शोधायला दोन दिवस लागले. नवी गाडी त्याच साच्यातून आलेल्या हजारो गाड्यांपैकी एक असते. छपराखाली, त्याच यंत्रांवर, तीच माणसं तेच काम रोज करतात, आणि काही चुकलं तर कंपनी सगळ्याच गाड्या परत बोलावते. घर उघड्यावर, उन्हापावसात, दर मजल्याला बदलणाऱ्या टोळ्या हाताने बांधतात. आराखडा तोच असला तरी चौथ्या मजल्यावरचं बाथरूम ज्याने केलं तो पाचव्यावर असेलच असं नाही. म्हणजे प्रत्येक घर हा एका अर्थी पहिलाच नग असतो आणि त्याची चाचणी आपण राहायला गेल्यावर आपल्यावरच होते.

त्यात कामाची पद्धतच अशी की प्रत्येक जण आधीच्याचं काम झाकत जातो. इलेक्ट्रिशियन भिंतीत नळ्या टाकतो, गवंडी त्यावर प्लास्टर करतो. प्लंबर पाइप जोडतो, वॉटरप्रूफिंगवाला त्यावर लेप देतो, टाइलवाला तो लेप झाकतो. पैसे मिळतात ते मापावर, किती चौरस फूट झालं त्यावर. आत काय राहिलं याचे पैसे कुणाला मिळत नाहीत आणि कापलेही जात नाहीत. यात कुणी लबाडच असायला हवा असं नाही. घाई पुरते.

"पण इतके लोक बघून जातात की!" हा भावाचा दुसरा मुद्दा. जातात ना. सरकारी तपासणी होते, पण तिथे मंजूर नकाशा, जिने, आगीपासूनची सुरक्षा, किमान नियम हे पाहतात. तुमच्या बाल्कनीतली नहाणी तुंबलीय का हे पाहणं त्यांचं काम नाही. बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, तो कर्ज बुडालं तर घर विकून वसूल होईल का एवढंच बघतो. बिल्डरचा साइट इंजिनिअर रोज बघतो, पण त्याचा पगार बिल्डर देतो आणि त्याच्या डोक्यावर ताब्याची तारीख टांगलेली असते. आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच आहे: ज्याने रोकडवही लिहिली त्यानेच ती तपासायची नाही. तो माणूस प्रामाणिक असला तरीही नाही, कारण आपण केलेली बेरीज आपल्याला बरोबरच दिसते. घराच्या बाबतीत तिघं पाहून जातात, पण विकत घेणाऱ्याच्या बाजूने पाहणारा त्यात एकही नसतो.

तर तपासणीचा दिवस. सर स्ट्रक्चरल इंजिनिअर, निवृत्तीनंतर फक्त हेच काम करतात. आल्या आल्या घर बघायला न लागता ते ओट्यावर नकाशा पसरून बसले. करारात काय कबूल केलंय, कुठे किती पॉइंट, कुठली खिडकी किती रुंद, हे त्यांनी आधी वाचून काढलं. पहिला अर्धा तास त्यांनी भिंतींकडे पाहिलंही नाही.

मग टॉर्च काढला. भिंतीवर समोरून मारायचा नाही, भिंतीला चिकटवून आडवा धरायचा. दिवाणखान्याची जी भिंत मला आरशासारखी वाटली होती तिच्यावर लगेच लाटा दिसायला लागल्या. "हे फक्त रूपाचं आहे, यासाठी भांडू नका," ते म्हणाले, तरी टिपून ठेवलं. पाणसळ, लेझर, ओळंबा, गुण्या. एका खोलीचे दोन कर्ण मोजले तर त्यांच्यात तीन सेंटिमीटरचा फरक. म्हणजे खोली काटकोनात नाही. फर्निचर करताना सुतार शिव्या देईल, बाकी धोका नाही.

फरशीवर मात्र ते चक्क गुडघ्यावर बसले. हातात एक जाड नाणं. प्रत्येक टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये, टक् टक् टक् टक् टक्. तासभर हेच. सुरुवातीला कंटाळा आला, मग माझेही कान तयार झाले. भरीव टाइल 'टक्' म्हणते, पोकळ असेल तर 'डब्'. टाइलच्या मागे मसाला सगळीकडे पसरायच्या ऐवजी पाच ठिकाणी गोळे ठेवून ती दाबून टाकली की कोपरे अधांतरी राहतात. त्यावर कपाटाचा पाय आला की टाइल तडकते, आणि तोवर ती तुम्हीच फोडलेली असते. भावाच्या घरात अशा अडतीस टाइल्स निघाल्या. वहिनी मागे मागे फिरून प्रत्येकीवर चिकटपट्टीची फुली मारत होती. शेवटी स्वयंपाकघराची जमीन बघून ती म्हणाली, "फुली नसलेल्या मोजायला सोप्या होत्या."

सॉकेटची तपासणी बघताना मात्र माझं हसू मावळलं. तीन दिव्यांचा एक छोटा प्लग असतो, तो प्रत्येक सॉकेटमध्ये घालून कुठले दिवे लागतात ते बघायचं. पाच सॉकेटना अर्थिंग नव्हतं आणि त्यातलं एक बाथरूममधल्या गिझरचं. सरांनी मेन स्विच बंद करून पट्टी उघडली. आत अर्थिंगची हिरवी वायर होती! आलेली, कापलेली आणि नीट गुंडाळी करून मागे सारलेली. कुणीतरी जोडायचं विसरलं होतं, नाहीतर त्याच्याकडे वेळ नव्हता. बाहेरून बघताना त्या सॉकेटमध्ये आणि बाकीच्यांमध्ये तिळाएवढाही फरक नव्हता. दिवा लागत होता, चार्जर चालत होता. माझ्या वीस मिनिटांच्या पाहणीत ते शंभर टक्के पास झालं असतं.

आरसीसीबीचंही तसंच. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला, म्हणजे तो कुठून तरी, कदाचित माणसाच्या अंगातून, गळतोय हे ओळखून जे तडक बंद होतं ते हे यंत्र. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. साइट इंजिनिअरने ते दाबून दाखवलं, खट्कन पडलं. सर म्हणाले, बटणाने खटका पडतो एवढंच कळतं, किती करंटला आणि किती वेळात ते कळत नाही. घरातलं हे यंत्र ३० मिलिअँपिअरचं असतं आणि तेवढी गळती झाली की ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवं. त्यांनी मीटर लावून मोजलं. हे मात्र पास झालं. चांगलं निघालेलंही त्यांनी आकड्यासकट लिहिलं, हेही मला आवडलं.

खिडकीखाली थर्मल कॅमेऱ्यात एक निळसर डाग दिसला. मला वाटलं होतं हा कॅमेरा भिंतीच्या आरपार बघतो. तसं काही नसतं. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल्या जागेवरून पाणी उडतं म्हणून ती जागा थंड पडते आणि निळी दिसते; पण निळं दिसलं म्हणजे ओलच असेल असं नाही. म्हणून त्यावर ओल मोजायचं मीटर टेकवून खात्री करायची. होतीच ओल. सरांनी खिडकीबाहेर हात घालून खालच्या दगडी पट्टीला बोटाने खालून चाचपलं आणि म्हणाले, "खाच नाही." पट्टीच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक बारीक खाच असते. पाणी पट्टीच्या खालून चिकटून भिंतीकडे सरकत येतं, त्या खाचेपाशी त्याचा धागा तुटतो आणि ते खाली ठिबकतं. खाच नसली तर ते थेट भिंतीत जातं. इतकी वर्षं घरात राहून मी ती खाच कधी पाहिली नव्हती.

बाकी भराभर सांगते. दाराच्या वरच्या कडेला रंगच नव्हता (आरसा वर धरून पाहिलं; ती कड कुणाला दिसत नाही, पण दमट हवा तिथूनच शिरते आणि दार फुगतं). बाल्कनीच्या नहाणीत बादली ओतली तर पाणी गुडगुड करत थांबलं. आत हात घालून सरांनी मुठीएवढा सिमेंटचा गोळा काढला. "शेवटच्या दिवशी घमेली इथेच धुतात," ते शांतपणे म्हणाले.

साडेचार तासांनी ते निघाले आणि तीन दिवसांनी अहवाल आला. एकाहत्तर नोंदी, प्रत्येकीचा फोटो, आणि तीन भाग: जिवाला धोका, पाणी, दिसण्यातलं. पण मी सगळ्यात आधी पहिलं पान वाचलं. त्यावर काय तपासता आलं नाही याची यादी होती. कॉलमच्या आतलं लोखंड, प्लास्टरमागचे पाइप, गच्चीच्या कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग: 'पाहिलेले नाही, मत दिलेले नाही.' भावाला ती पळवाट वाटली. मला उलट वाटलं. 'सर्व काही ठीक' असा दाखला देणाऱ्यावर मी ऑफिसातही विश्वास ठेवत नाही.

कारण झाकलेलं ते झाकलेलंच. पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीची गोष्ट सरांनीच सांगितली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या सकाळी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. पुढे इमारत दुरुस्त झाली, पुन्हा लोक राहायला आले. १९८६ मध्ये ती मजल्यामागून मजला उतरवून काढली, तेव्हा काँक्रीटच्या पॅनलांच्या सांध्यांत मसाल्याऐवजी ठिकठिकाणी वर्तमानपत्रं कोंबलेली सापडली. नाणं वाजवून हे कुणालाही कळलं नसतं. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी बांधकाम चालू असतानाच माणूस न्यावा: एकदा प्लास्टरच्या आधी, एकदा वॉटरप्रूफिंग झाल्यावर पण टाइल्स लागायच्या आधी. ते जमत नसेल तर निदान काँक्रीटच्या चाचणीचे कागद मागावेत. स्लॅब ओततानाच त्या काँक्रीटचे ठोकळे किंवा सिलिंडर भरून ठेवतात आणि २८ दिवसांनी ते दाबून फोडतात. त्याची नोंद असते. मागितल्यावर ती पटकन मिळते की 'बघून सांगतो' असं उत्तर येतं, यावरूनही बरंच कळतं.

अहवाल पाहून साइट इंजिनिअर हसला. "मॅडम, हे सगळं फिनिशिंगचं आहे. चावी घ्या, आठ दिवसांत माणूस पाठवतो." मी म्हटलं, माणूस आधी पाठवा, चावी आठ दिवसांनी घेतो. सही आणि शेवटचा हप्ता या दोनच गोष्टी आपल्या हातात असतात. त्या दिल्या की आपण ग्राहक राहत नाही, तक्रारदार होतो, आणि तक्रारदारांची रांग लांब असते. दुरुस्त्या झाल्यावर सरांना पुन्हा बोलावलं. त्या फेरीचे पैसे वेगळे, पण ते वाचवू नका. अडतीसपैकी नऊ टाइल्स काढून बसवायच्या ऐवजी नुसत्या फटीतून सिमेंटचं पाणी सोडून 'भरल्या' होत्या. नाणं पुन्हा 'डब्' म्हणालं.

माणूस कसा निवडायचा, हे आता मला चार जण विचारतात. बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला नको. 'दुरुस्तीही आम्हीच करून देऊ' म्हणणारा नको, कारण मग त्याला दोष जास्त सापडतात. फी आधी ठरलेली हवी; किती दोष निघाले किंवा बिल्डरकडून किती सूट मिळाली यावर अवलंबून नको. त्याचा एखादा जुना अहवाल मागून वाचा. आपल्याला बरोबर फिरू देतो का ते विचारा. आणि नात्यातल्या सिव्हिल इंजिनिअरला प्रेमाने फुकट नेऊ नका. फुकटचा माणूस बघतो, मान हलवतो, पण लिहून देत नाही. आणि कामाला येतो तो लिहिलेला कागदच. बाहेरचा तपासनीस आत सोडणार का, हे बुकिंगच्या वेळीच करारात लिहून घ्यावं. ब्रिटनमध्ये २०२२ साली आलेल्या न्यू होम्स क्वालिटी कोडमध्ये, त्यात नोंदणी केलेल्या बिल्डरांनी ग्राहकाच्या तपासनिसाला ताब्याआधी पाहणी करू द्यावी, अशी तरतूदच आहे. नाही म्हणणारा बिल्डर भेटला तर त्याचं 'नाही' हाच अहवाल समजा, आणि तो फुकट मिळालाय.

हमी संपायच्या महिनाभर आधीची तारीख भावाने फोनमध्ये टाकून ठेवलीय. तेव्हा पुन्हा सर. वर्षभरात प्लास्टर सुकतं, इमारत बसते, सगळे ऋतू भिंतीवरून जातात. खऱ्या भेगा तेव्हा दिसतात. हे मला कुणी अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

आता त्या ग्लासाचं. दुसऱ्या दिवशी बरोबर चोवीस तासांनी आम्ही बाथरूमचं दार उघडलं. ग्लासातलं पाणी रेघेखाली केसाएवढं गेलं होतं. जमिनीवरचं पाणी पेन्सिलीच्या रेघेपासून एक बोटभर खाली. साइट इंजिनिअर बघत राहिला आणि 'वाळलं' म्हणाला नाही.

आता खालच्या घराचं छत बघायला हवं होतं. त्या घराची चावी मालकाकडे गेली होती, म्हणून त्यांना फोन करून बोलावलं. साठीचे गृहस्थ, तासाभरात आले. बाथरूमचं कुलूप उघडलं, सरांनी टॉर्च वर धरला. पांढऱ्याशुभ्र छतावर थाळीएवढं ओलं वर्तुळ, आणि मध्यावर एक थेंब, पडू की नको करत लोंबकळणारा.

ते गृहस्थ बराच वेळ मान वर करून उभे होते. मग त्यांनी सरांना विचारलं, "तुम्ही माझंही घर तपासून द्याल का?" सर हो म्हणाले. मग जरा थांबून, आवाज खाली आणून ते गृहस्थ मला म्हणाले, "सही मात्र मी गेल्या आठवड्यातच केलीय हो."